दोन तारखांचा भूकंप

फील्ड प्रोजेक्टची मुदत जवळ आली की आमच्या ग्रंथालयाच्या काउंटरवर दिवसभर एकाच साच्यातली मागणी येत राहते. "मॅडम, कोयनेच्या भूकंपावर माहिती द्या." "मॅडम, हळदीवर काहीतरी द्या." "मॅडम, पत्री सरकारवर एखादं पुस्तक आहे का, बारीक असलं तरी चालेल." मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीच्या मुलांना असा प्रकल्प करावाच लागतो, त्याला श्रेयांक आहेत. मुलं पाटण, जावळी, कोरेगाव, माण, खटाव अशी चारी बाजूंनी येतात. बऱ्याच जणांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं हे पहिलंच माणूस असतं. हातात फोन असतो, फोनमध्ये माहितीचा पूर असतो, आणि तरी मूल काउंटरवर येऊन "माहिती द्या" म्हणतं. त्याला माहिती नको असते. नेमकं काय विचारायचं हेच त्याच्याजवळ नसतं, आणि ते कोणी आजवर शिकवलेलंही नसतं.

वर्षाच्या सुरुवातीला ग्रंथालय परिचयाचा तास असतो. कपाटं कुठे, पुस्तकांची तालिका कशी बघायची, पुस्तकावरच्या वर्गांकात ९५४ म्हणजे भारताचा इतिहास आणि ६३० म्हणजे शेती, हे सगळं मी सांगते. मुलं शांतपणे ऐकतात आणि आठवड्याभरात विसरतात, कारण त्या दिवशी त्यांचं काहीच अडलेलं नसतं. खरं शिकवणं होतं ते अडल्यावर. म्हणून दुपारचे तास संपल्यानंतर संदर्भ विभागातलं मोठं टेबल मी प्रकल्पाच्या मुलांसाठी मोकळं ठेवू लागले. ज्याचं अडलंय त्याने यायचं, आपला कागद घेऊन बसायचं.

कागद कोरा असतो. त्यावर तीन ओळी लिहायला सांगते. मला काय कळून घ्यायचंय? ते कोणाला माहीत असेल? आणि त्यांना ते कसं कळलं असेल? पहिली ओळ सगळ्यात जड जाते. कोयनेच्या भूकंपावर माहिती मागणारा मुलगा पाटण तालुक्यातला, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीतला. पहिल्या ओळीत त्याने लिहिलं, "कोयना भूकंप". मी म्हटलं, अरे, हा विषय झाला, यात प्रश्न कुठाय? तो म्हणाला, "समदंच पायजे की मॅडम." मग मी त्याला घरचं विचारलं. घरात त्याबद्दल कोणी काही बोलतं का? "आज्जी सांगती. पहाटंचं झालं म्हणती. घर पडलं. आज्ज्यानं परत बांधलं तवा भिंती दगड-मातीच्या नको म्हणला." हे तो सहज बोलून गेला आणि पुढचं सांगायला लागला होता. मी त्याला तिथेच थांबवलं आणि हेच लिही म्हटलं. बरीच खाडाखोड होऊन पहिली ओळ अशी झाली: १९६७ च्या भूकंपानंतर आमच्या गावात घर बांधायची पद्धत काय बदलली, आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलली?

ही ओळ कागदावर आल्यावर मुलाचं बसणंच बदललं. आता दुसरी ओळ आपोआप सुचायला लागली. गवंडी सांगतील, म्हातारी माणसं सांगतील, ग्रामपंचायतीत काही नोंद असेल, भूकंपानंतर सरकारने काढलेले अहवाल असतील.

मग तारखेचा घोळ आला, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. प्रस्तावनेसाठी त्याने भूकंपाची तारीख शोधली. मराठीतल्या लेखांत ११ डिसेंबर १९६७ मिळाली. आपल्याकडे सगळे तीच म्हणतात. नंतर तो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या यादीत शिरला, तिथे त्याच भूकंपापुढे १० डिसेंबर. तो वही घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, ह्यातलं एक चुकीचं असणार. कुठलं लिहू?"

उत्तर मला माहीत होतं. एका वाक्यात सांगून त्याला मोकळा करता आला असता. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो, आणि आम्ही ग्रंथपाल तो जपमाळेसारखा घोकलेला असतो. पण शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्या सिद्धांताचा अर्थ लांब पल्ल्याने लावायला हवा असं माझं ठाम मत आहे. आज त्याची पाच मिनिटं वाचवली तर पुढच्या प्रत्येक वेळी तो काउंटरवर येऊन उभा राहील. म्हणून मी एवढंच म्हटलं, "तारीख सोड. वेळ काय दिली आहे ती बघ, आणि वेळेच्या पुढे काय लिहिलंय ते वाच."

स्क्रीनवर वेळ होती २२ वाजून ५१ मिनिटं, आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरं, यूटीसी. ती कशाची, हे त्याने तिथेच शोधलं: जागतिक प्रमाणवेळ. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. मग त्याने वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. २२:५१ मध्ये ५:३० मिळवले, आले २८:२१. त्यातून चोवीस वजा केले. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं, दुसऱ्या दिवशीची, म्हणजे ११ डिसेंबरची. काही क्षण तो त्या आकड्याकडे बघत राहिला आणि मग टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आज्जी बरोबर हाय की! पहाटंच झाला!"

दोन्ही तारखा बरोबर होत्या. एक कोयनेच्या घड्याळाची होती, दुसरी जगाच्या घड्याळाची. त्या दिवसापासून टेबलावर आमचा एक नियमच होऊन गेला. दोन ठिकाणी दोन गोष्टी दिसल्या तर लगेच एकीवर काट मारायची नाही. दोघं कुठे उभे राहून बोलतायत ते आधी बघायचं.

तीव्रतेचं मात्र इतकं सरळ निघालं नाही. कुठे ६.३, कुठे ६.५, कुठे ६.६. इथे साडेपाच तास मिळवून सुटका नव्हती. आम्ही शोधत गेलो तसं कळत गेलं की भूकंपाचं मान काढायच्या पद्धतीच वेगवेगळ्या आहेत. वर्तमानपत्रं सरसकट रिश्टर म्हणतात, पण आज शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांसाठी जे मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात ती पद्धतच १९७९ मध्ये मांडली गेली. म्हणजे १९६७ च्या भूकंपाला त्या मापाने दिलेला आकडा जुन्या नोंदींवरून नंतर काढलेला आहे. त्यामुळे वेगवेगळ्या यंत्रांचे, वेगवेगळ्या सूत्रांचे आकडे थोडे इकडे तिकडे होणारच. मृतांचंही तसंच. कुठे पावणेदोनशेच्या आसपास, कुठे दोनशे. मुलाला हे फार खटकलं. परीक्षक एकच आकडा मागतील अशी त्याला भीती होती. मी म्हटलं, दोन्ही लिही, प्रत्येकापुढे कोणाचा ते लिही, आणि तू कुठला वापरलास आणि का, ते एका वाक्यात लिही. ते एक वाक्य लिहायला त्याला सगळ्या प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळ लागला. मला विचाराल तर त्याच्या प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं वाक्यही तेच.

आज्जीच्या सांगण्याचं काय करायचं, यावरही टेबलावर चांगला वाद झाला. एक मुलगी म्हणाली, म्हाताऱ्या माणसांचं काय धरायचं, ती वाढवून सांगतात. दुसरा म्हणाला, पण ती तिथं होती, पुस्तक लिहिणारा नव्हता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. शेवटी असं ठरलं की आज्जीने स्वतः जे पाहिलं, सोसलं, त्यासाठी तिच्यासारखा पुरावा नाही: पहाटेचा अंधार, कुठली भिंत आधी पडली, त्यानंतर किती दिवस लोक बाहेर झोपले. पण सगळ्या खोऱ्यात माणसं किती गेली, भूकंप धरणातल्या पाण्यामुळे झाला का, हे तिला इतरांकडूनच कळलेलं. त्यासाठी दुसरीकडे जावं लागेल. त्या दुसरीकडची वाटही जवळचीच निघाली. कोयनेचं धरण भरल्यानंतरच्या भूकंपांवर हर्ष गुप्ता यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आयुष्यभर काम केलेलं आहे. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची भूकंप संशोधनाची प्रयोगशाळा आहे, आणि कोयनेच्या परिसरात गोठणे इथे जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास झालेला आहे. आपल्या एसटीच्या वाटेवर हे चालतं हे मुलांना ठाऊकच नव्हतं.

पत्री सरकारवर, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात साताऱ्याकडे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारवर, बारीक पुस्तक मागणाऱ्या मुलीचा पेच निराळाच होता. तिचं आजोळ आजच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेना, ही नावं तिने लहानपणापासून ऐकलेली. ती गुगलवर "सांगली जिल्हा १९४३" असं टाकून शोधत होती आणि हाती फुटकळ लेखांपलीकडे काही लागत नव्हतं. मी तिला विचारलं, १९४३ मध्ये सांगली जिल्हा होता का? ती गोंधळली. जिल्हे असे होतात आणि बदलतात हेच कधी मनात आलेलं नसतं. मग आम्ही जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, गॅझेटियर, काढला. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने झाला, आणि सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात. म्हणजे तिला हवे असलेले सरकारी कागद सातारा जिल्ह्याच्या नावाखाली असणार. आणि कुंडल तर त्या वेळी इंग्रजी मुलखातही नव्हतं, औंध संस्थानात होतं. म्हणजे कुंडलसाठी औंधची दफ्तरं, औंधचा इतिहास. एका दुपारी तिचा शोध तीन दिशांनी उघडला. तिने मग प्रतिसरकार, प्रति सरकार, पत्री सरकार, आणि इंग्रजीतल्या वेगवेगळ्या स्पेलिंगांनी पुन्हा शोध घेतला, शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएच.डी.चे प्रबंध धुंडाळले, आणि संदर्भयादी दोन पानांवर गेली तेव्हा "मॅडम, आता कमी कसं करू?" म्हणून आली. ही तक्रार ऐकायला मला फार आवडतं.

या सगळ्यात एक टप्पा असा येतो की मूल खचतं. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, वाचावं तितकं वाढतच जातं, आणि ते म्हणतं, "मॅडम, मी विषयच बदलतो." ग्रंथालयशास्त्राच्या अमेरिकन अभ्यासक कॅरल कुल्थाउ यांनी विद्यार्थी माहिती शोधताना काय काय अनुभवतात याचा बारकाईने अभ्यास केला आहे. शोधाच्या मधल्या टप्प्यात संभ्रम वाढतो, आणि आपल्याला नेमकं काय मांडायचं ते पक्कं झालं की तो कमी होतो, असं त्यांना दिसलं. मी हे मुलांना मराठीत, साध्या शब्दांत सांगते. गोंधळ उडालाय म्हणजे आपण ढ आहोत असं नाही, हे कोणी वेळेवर सांगितलं तर मूल टिकतं. घरी विचारायला कोणी नाही अशा मुलाला तर हे सांगायलाच हवं.

पावसाळ्यात टेबलाचा विषय वेगळाच होतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेचा साठा वाढायला लागला की फॉरवर्डना ऊत येतो. सांगली-मिरजेकडे ज्यांचे पाहुणे आहेत त्या घरांत झोप उडते. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. ती भीती माणसांच्या अंगात आहे, त्यामुळे अशा संदेशांना मी हसण्यावारी नेत नाही. एका मुलीने दाखवलेल्या संदेशात लिहिलं होतं, कोयनेतून आज ५० टीएमसी पाणी सोडणार. खालती ना तारीख, ना कोणाची सही. मी फळ्यावर गणित मांडलं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एक टीएमसी पाणी चोवीस तासांत सोडायचं तर विसर्ग साधारण ११,५७४ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, लागतो. मग ५० टीएमसीला? पावणेसहा लाखांच्या वर. महापुरातसुद्धा कोयनेच्या विसर्गाचे आकडे लाखाच्या घरात ऐकलेले. आणि धरणाची सगळी क्षमताच १०५.२५ टीएमसी, म्हणजे जवळपास अर्धं धरण एका दिवसात! मुलीने तिथेच मामाला फोन लावला आणि हे सगळं गणित त्याला समजावून सांगितलं. खरी पातळी बघायची तर जलसंपदा विभागाची आणि जिल्हा प्रशासनाची पत्रकं बघायची, आणि त्यावरची तारीखच नव्हे तर वेळही बघायची, हे तिनेच त्याला सांगितलं. सकाळी आठचा खरा आकडा संध्याकाळी सहाला खोटा ठरू शकतो.

चॅटबॉटचं प्रकरण अलीकडचं. सांगलीच्या हळदीवर काम करणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलीने संदर्भग्रंथांची छान यादी आणली. लेखक, प्रकाशक, साल, सगळं व्यवस्थित. मी म्हटलं, चल, यातलं पहिलं पुस्तक शोधू. आमच्या तालिकेत नाही, मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन तालिकांत नाही, त्या प्रकाशकाच्या यादीतही नाही. दुसरं शोधलं, तेही नाही. तिचा चेहरा पडला. तिने कोणाला फसवायला ती यादी केली नव्हती. तिने विचारलं होतं, त्याने सांगितलं होतं, आणि ते इतकं खरं दिसत होतं. असलेल्या पुस्तकांच्या धर्तीवर नसलेलं पुस्तक बेमालूम तयार करणं ही त्या यंत्रणेची खोडच आहे. म्हणून मी वापरू नका म्हणत नाही. शब्द सुचवायला, इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला मुलांना त्याचा उपयोग होतो. पण त्याने नाव घेतलेलं प्रत्येक पुस्तक, प्रत्येक लेख आपल्या हाताने शोधून उघडलाच पाहिजे. त्या मुलीने पुढे सांगलीच्या हळदीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची (जीआय) २०१८ ची नोंद चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन पाहिली. अर्जात सांगलीच्या हळदीबद्दल काय दावा केलाय तो वाचला, आणि मग मार्केट यार्डात जाऊन अडत्यांना विचारलं की मानांकन मिळाल्यावर तुमच्या सौद्यात काय फरक पडला. मूळ कागद आणि प्रत्यक्ष माणूस, दोन्ही.

उतरवून काढण्याबद्दल मी फार उपदेश करत नाही. वहीचं पान मधोमध दुमडायला सांगते. डावीकडे दुसऱ्याचे शब्द, अवतरण चिन्हांत, पान क्रमांकासह. उजवीकडे स्वतःचं म्हणणं. उजवी बाजू कोरी राहिली की मुलाला स्वतःलाच दिसतं.

या कामात सगळ्यात मोठी अडचण आहे ती एसटीची. दुपारनंतरच्या टेबलावर येतात ती साताऱ्यात किंवा जवळपास राहणारी मुलं. माण-खटावच्या मुलांना शेवटचा तास संपताच स्टँड गाठावं लागतं. गाडी चुकली तर घरी पोचायला रात्र होते, आणि मुलींना तर घरून पुन्हा कॉलेजला पाठवतीलच याची खात्री नसते. म्हणजे ज्यांना या टेबलाची सगळ्यात जास्त गरज, तीच मुलं हुकतात. ही गोष्ट मला बरीच बोचली. संगणकावर शिकवलेलं त्यांच्या फोनवर तसंच्या तसं करता येत नाही, म्हणून फोनवर चालेल तेवढं वेगळं काढलं. नेमका शब्दसमूह अवतरण चिन्हांत टाकून शोधणं. फोटो कुठून आला ते उलट शोधून पाहणं. वाईच्या मंडळाचा मराठी विश्वकोश फोनवर उघडून नोंद वाचणं. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात खातं काढणं. एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर विश्वास ठेवायच्या आधी ते सोडून बाहेर येऊन, इतर लोक त्याबद्दल काय म्हणतात ते पाहणं. एवढं स्टँडवर गाडीची वाट बघतानाही करता येतं, आणि काही मुलं करतातही. तिथून स्क्रीनशॉट पाठवून विचारतात, "मॅडम, हे धरू का?" मी उलट विचारते, कोणी लिहिलंय आणि त्याला कसं कळलं?

पण समोरासमोर बसण्याची सर याला येत नाही. म्हणून प्राचार्यांशी बोलून पुढच्या सत्रापासून हे टेबल सकाळीही लावायचं ठरवलं आहे. पहिल्या एसटीने येणारी मुलं तास सुरू व्हायच्या बरीच आधी पोचतात आणि कट्ट्यावर बसून राहतात. ग्रंथालय तेव्हा बंद असतं. शिपाईमामांनी किल्ली लवकर आणायचं कबूल केलंय, आणि भूकंपाचा प्रकल्प केलेला पाटणचा मुलगा नव्या मुलांबरोबर बसायला तयार आहे. तोही पहिल्याच गाडीने येतो.